पदेराचं पोट

लिस्बनमधल्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई दहा मिनिटं बोलत होत्या आणि त्यातला एकच शब्द कुस्तोदियोला कळला. पांव! तो ऐकून त्याचा चेहरा खुलला. मालवणजवळच्या वाडीत त्याची पावाची भट्टी होती. त्याचा पणजा गोव्यात एका पोर्तुगीज साहेबाच्या भट्टीवर पाव भाजायला शिकून आला, तेव्हापासून सगळी वाडी या घराण्याला पदेर म्हणायची.

गेली अकरा वर्षं या पदेराला पोटानं छळलं होतं. चार घास खाल्ले की पोट ढोलासारखं फुगायचं आणि मग घरात कोणालाही संडासाकडे फिरकायची सोय नसे. मालवण झालं, कणकवली झाली, मडगावही झालं. कुणी गॅस म्हटलं, कुणी काळजी कमी करा म्हटलं. शेवटी लिस्बनच्या वृद्धाश्रमात नोकरीला असलेली त्याची मुलगी सेलिना हट्टाला पेटली आणि तिनं पापाला तिकडेच बोलावून घेतलं. विमानतळाला जाताना गोव्याच्या हद्दीवरचा इन्सुलीचा नाका येईपर्यंत गाडी तीनदा थांबवावी लागली होती.

"काय सांगता गो?" कुस्तोदियोनं उत्सुकतेनं विचारलं. "पाव खावक सांगता?"

सेलिनानं त्याचा हात धरला. "पापा, पाव खावचो नाय म्हणता. गव्हाचा कायच खावचा नाय. तुज्या आतड्याक गहू सोसत नाय. आता जल्मभर बंद."

कुस्तोदियोनं मान मागे घेतली. "तिका नीट इचार. दुसऱ्या कोणाचो तरी कागद आसतलो."

डॉक्टरीणबाईंनी कागद त्याच्याकडे फिरवला आणि बोटानं नाव दाखवलं. कुस्तोदियो फर्नांडिस. नावात काही चूक नव्हती.

"ह्येंच्याच लोकांनी आमका पाव शिकयलो!" तो खुर्चीतून अर्धा उठला. "आणि आता हीच सांगता, खावचो नाय?"

हे मात्र सेलिनानं भाषांतर करून सांगितलं नाही.

बाहेर आल्यावर तो रस्त्याच्या कडेच्या बाकावर बसला. समोर बेकरी होती आणि काचेआड पावांच्या राशी होत्या. तिकडे पाठ फिरवून तो म्हणाला, "सेलिना, ह्या कोणाकच सांगूचा नाय. पदेराचा पोट पावान बिघाडला म्हणान वाडीत कळला, तर माज्या भट्टीत मांजरां झोपतली."

"ममाक तरी सांगशीत मा?"

"तिका तर पयलीच सांगू नको."

परतीचा सगळा प्रवास त्यानं काय सांगायचं याचा विचार करण्यात घालवला. पण घरी पोचला तरी काही सुचलं नव्हतं, आणि ओटीवर तर माणसं जमलेली. उसळपावाचं हॉटेल चालवणारा आणि त्याच्याकडून रोज शंभर पाव नेणारा परशुराम सगळ्यांच्या पुढे होता. स्वयंपाकघरात बायको, इझाबेल, सुरमई तळत होती. वास थेट अंगणापर्यंत पोचला होता.

"काय निघाला रे पोटात?" परशुरामनं विचारलं.

सगळ्यांनी कान टवकारले. कुस्तोदियोचं नाक सुरमईत अडकलेलं. त्याला पटकन कुणावर तरी खापर फोडायचं होतं, आणि तोंडातून निघून गेलं, "मासे!"

मयताची बातमी ऐकल्यासारखे ओटीवरच्या माणसांनी कपाळाला हात लावले.

"मासे?" परशुरामचा आवाज चिरकला. "मालवणात रव्हान मासे सोसनत नाय?"

"डॉक्टर म्हणाली, जल्मभर बंद."

आतून इझाबेल आली. हातात झारा तसाच. तिनं नवऱ्याकडे एकदा नीट पाहिलं, आत गेली आणि त्याच्यासाठी पेजेची वाटी घेऊन आली. सुरमईचं ताट तिनं परशुरामपुढे ठेवलं. तो दुःखानं मान हलवत चार तुकड्या खाऊन गेला.

त्या दिवसापासून कुस्तोदियोची दोन्हीकडून कोंडी झाली. पाव खाता येत नव्हता आणि मासे खायची सोय राहिली नव्हती. सकाळी इझाबेल चहाबरोबर दोन पाव पुढ्यात ठेवायची. नको म्हणावं तर संशय येणार. मग तो पाव खिशात कोंबून परसात जायचा आणि कोंबड्यांना घालायचा. दुपारी बांगड्याच्या तिखल्याचा वास घेत भात आणि मुगाची आमटी गिळायचा. पोट कधी नव्हे एवढं हलकं झालं होतं आणि तोंडाची चव मात्र पार गेली होती.

तिकडे परशुरामनं वेगळंच सुरू केलं. त्यालाही अधूनमधून गॅस व्हायचा. पोर्तुगालच्या डॉक्टरीणबाईंचा सल्ला फुकटात मिळाला म्हणून त्यानं मासे सोडले. हॉटेलात येणाऱ्या प्रत्येकाला तो हे सांगू लागला. बघता बघता वाडीतली आठ-दहा घरं मासे खायची थांबली. आंबट ढेकर आला की बांगड्याकडे बोट दाखवायची पद्धतच पडली.

पंधराव्या दिवशी, रविवारी सकाळी, मासे विकणारी आनंदी टोपली घेऊन थेट भट्टीवर आली. टोपली अर्धीसुद्धा रिकामी झाली नव्हती. तिच्याबरोबर तिची भाची अक्षया होती. ती ओरोसला कचेरीत नोकरी करायची आणि सुट्टीला आली होती. मागोमाग बघ्यांची झुंबड. परशुराम होताच.

"कुस्तोदियो, भायर ये!" आनंदीनं टोपली आदळली. "चाळीस वर्सां मी ह्या वाडीत मासे इकतंय. माज्या माशान कोण मेलो? तुजो ता कागद खंय आसा? दाखय माका!"

कुस्तोदियो मनातल्या मनात हसला. कागद पोर्तुगीजमध्ये होता. तो त्यानं रुबाबात आणून तिच्या हातात दिला. "घे. वाच."

आनंदीनं कागद अक्षयाकडे दिला. अक्षयानं मोबाइल काढला, कागदाचा फोटो घेतला आणि दोनदा बोट फिरवलं. मग फोनमधली बाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात मराठीत बोलू लागली, "रुग्णाने गहू, पाव आणि केक आयुष्यभर टाळावेत. भात, भाज्या आणि मासे नियमित खावेत. मासे ताजे असल्यास उत्तम."

कुस्तोदियोनं भट्टीच्या भिंतीला हात टेकला आणि चटका बसला म्हणून लगेच काढला.

"ताजेच आसतत माजे!" आनंदी कडाडली. "आयकलात मा सगळ्यांनी?"

"म्हणजे?" परशुराम डोळे फाडून बघत राहिला. "पंधरा दिस मी दुधीची भाजी खातंय, ती कित्याक?"

पण उत्तर ऐकायला थांबलंय कोण? लोकांनी टोपलीला गराडा घातला. बांगडे, सौंदाळे, सुंगटं, दहा मिनिटांत सगळं संपलं. अंगणात उरले फक्त कुस्तोदियो आणि दारात उभी असलेली इझाबेल.

"इझाबेल, माका तुका सांगूचा होता..."

"माका म्हायत आसा. सेलिनान त्याच दिवशी फोन केल्यान."

कुस्तोदियोचा आ वासलेला तसाच राहिला. "मगे मासे कित्याक बंद केलंस माजे? आणि पाव कित्याक देय होतंस?"

"तू माज्याशी कदी खरा बोलतंस, ता बघी होतंय," ती शांतपणे म्हणाली. "आणि कोंबड्ये बरे जाडे झाले."

त्या दुपारी ताटात सुरमई आली. चव लागली, पण त्यानं एकच तुकडी खाल्ली. उद्या पाव घ्यायला कोण येणार, याची धास्ती त्याला लागली होती. दुसऱ्या दिवशी त्यानं नेहमीच्या निम्मंच पीठ मळलं. फळी उघडली आणि तो बघतच राहिला. रांग होती तेवढीच होती. आनंदी पहिली.

"तुमका भीती नाय वाटणा?" त्यानं चाचरत विचारलं.

"तुजा पोट तुका सोसत नाय, त्येका आमी काय करू?" आनंदी म्हणाली. "धा पाव दी. गरम गरम दी हां, कालचे नको."

"आणि माका शंभरच होये," मागून परशुराम ओरडला. "निम्मे घेवन मी हॉटेल कसा चालवू?"

कुस्तोदियोचे डोळे भरून आले. मग अचानक त्याच्या लक्षात आलं, की आजचा पाव कसा झालाय हे त्याला यापुढे कधीच चाखून बघता येणार नव्हतं. त्यानं गरम पाव मोडला आणि अर्धा इझाबेलच्या हातात दिला. "तूच सांग आता. कसो झालो?"

तिनं सावकाश चावून खाल्ला.

"मीठ कमी आसा."

"आज जरा घाई झाली..."

"आज नाय," इझाबेल म्हणाली. "लगीन झाल्यापासून."

कुस्तोदियो पिठाच्या पोत्यावर मटकन बसला. त्यानं मोठ्या आशेनं रांगेकडे पाहिलं. रांगेतला प्रत्येक जण खाली जमिनीकडे बघत होता, आणि हळूहळू, एकापाठोपाठ एक, सगळ्यांच्या माना होकारार्थी हलू लागल्या होत्या.