पहिल्या बाटलीवरचं नाव

पुंडलीककाकांच्या घरात एका खोलीत बोललेलं चालत नाही. देवघरात चालतं, तिथे नाही. "तोंड बंद, बाये! तुझ्या श्वासान बुरशी येता," म्हणून दारातच खेकसतात आणि कोपरापर्यंत हात धुवायला विहिरीवर पिटाळतात. एवढं सोवळं आमच्या कोरगावात गणपतीचंही कोणी पाळत नाही.

खोलीत काय? रानलसूण! सड्यावरून, गावच्या कातळपठारावरून, नाहीशी होत आलेली, काचेच्या बाटल्यांत, जेलीसारख्या खळीवर वाढणारी. काका कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिपाई होते. निवृत्त झाले, काकी गेल्या, आणि भाताचा कुकर बाटल्या निर्जंतुक करायला लागला. स्वतः बेकरीतले उंडे-पाव आणि भाजीवर दिवस काढतात. एका कंदाच्या फोडींपासून कपाटभर रोपं केलीत माणसाने.

स्पष्टच सांगते, माझा जळफळाट होतो. चार वर्षं उन्हात उभी राहून 'रानलसूण उपटू नका!' अशी पत्रकं मी वाटली. शाल कोणाला? काकांना! पेपरवाले फोटो काढताना मला म्हणाले, "जरा बाजूला व्हा."

म्हणून मी नवं पत्रक लिहिलं: 'पहिला कंद उपटला कोणी? जनतेला उत्तर हवं!' छापण्याआधी तोंडावर विचारावं, म्हणून गेले. अंगणातच विचारलं.

काकांनी नुसतं विहिरीकडे बोट केलं. हात धुतले. मग आत नेऊन त्यांनी पहिली बाटली दाखवली. चिठ्ठीवर लिहिलं होतं: 'मयुरीचो कंद. चवथ.'

मयुरी म्हणजे मी.

कॉलेजच्या पहिल्या वर्षी गणेशचतुर्थीला सड्यावरून पांढऱ्या फुलांचा एक झुबका मी मुळासकट उपटला होता आणि आमच्या माटोळीला, म्हणजे गणपतीवर रानफळं टांगतात त्या चौकटीला, बांधला होता. कसली फुलं, कोणाला ठाऊक! दुर्मीळ म्हणून माटोळीच्या स्पर्धेत बक्षीसही घेतलं. आरतीला आलेल्या काकांनी नाक वर करून हुंगलं, "लसणीचो वास! ह्यां देवाक चलना," म्हणाले आणि झुबका सोडवून खिशात घातला. म्हाताऱ्याची खोड, म्हणून मी हसले होते.

बाहेर येईपर्यंत माझा श्वास मीच रोखून धरला होता.

"पेपरवाल्यांना का नाही सांगितलंत?"

"मगे तुझी पत्रकां कोण वाचतलो?"

"मग बाटलीवर तरी माझं नाव कशाला?"

काका कुकरचं झाकण पुसत राहिले.

"सकाळी उठल्यार घरात कोणाक तरी हाक मारूक व्हयी मगो," ते म्हणाले. "दारातल्यानच मारतंय."