दर रविवारी हलवायची बाटली

रंगाच्या दुकानात तीस वर्षं काढलेल्या माणसाला माल कसा ठेवावा हे कुणी शिकवू नये, निदान बायकोने तरी नाहीच, असं रंगवाल्यांचं ठाम मत होतं. ते त्यांनी बायकोला ऐकवलं आणि तिथूनच सगळं सुरू झालं.

बायकोचे थोरले भाऊ इटलीला जाऊन आले आणि बहिणीसाठी एक बाटली घेऊन आले. लाल, गोड, फसफसणारी वाइन. जेवणानंतर गोडाच्या जागी घ्यायची. बायकोला वाइनचं वेड नव्हतं, गोडाचं होतं.

"लग्नाला पंचवीस वर्षं होतील त्या दिवशी उघडू," ती हरखून म्हणाली. "दोनच महिने राहिलेत. फ्रीजमध्ये ठेवते."

"फ्रीजमध्ये दूध ठेवतात. हा माल आहे, माझ्यावर सोड."

"अहो, लेबलवर काहीतरी लिहिलंय."

"लेबल गिऱ्हाइकासाठी असतं." (त्यांनी आजवर हजारो लेबलं विकली होती. वाचलं एकही नव्हतं.)

बाटली कपाटाच्या माथ्यावर गेली. आता, रंगाचा डबा नुसता पडून राहिला की रंग तळाला बसतो आणि वर तेल तरंगतं. म्हणून दर रविवारी एकेक डबा उलटा करून चांगला हलवायचा, हा दुकानाचा शिरस्ता. ही तर बोलूनचालून लाल, म्हणजे तळाला बसणारच! तेव्हा रंगवाले दर रविवारी घरी येऊन स्टुलावर चढत, बाटली उलटी करीत, दहादा खळखळवीत आणि जागेवर ठेवून देत.

"तान्ह्या पोरालासुद्धा कुणी इतकं हलवत नाही हो."

"आधी चव बघ, मग बोल."

ती गप्प बसली. (बायको गप्प बसली की नवऱ्याने सावध व्हावं, हे त्यांना दुकानात कुणी शिकवलं नव्हतं.)

तो दिवस उजाडला. भाऊ जेवायला आले. जेवणं आटोपली, बायको ग्लास पुढ्यात घेऊन बसली. रंगवाल्यांनी बाटली आणली, डबा उघडण्याआधी द्यावा तसा शेवटचा मायेचा हिसका दिला आणि पकडीने बुचावरची तार सोडवली.

"भाऊजी, थांबा!" भाऊ ओरडले.

भाऊजी थांबले, बूच थांबलं नाही. ते छतावर आपटलं आणि मागोमाग लाल कारंजं उडालं. खोलीभर वाइनचा गुलाबासारखा वास सुटला. वाइन बाटली सोडून सगळीकडे होती.

बायकोच्या कोरड्या ग्लासकडे बघून मात्र रंगवाल्यांचा चेहरा पडला. पंचवीस वर्षांत तिने हौसेने मागितलेल्या गोष्टी बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्यातली एक आपण छताला फासली.

"चुकलं माझं," ते म्हणाले. (हा माल ते सहसा ठेवत नसत.)

"असू द्या," म्हणत बायको उठली. फ्रीजमधल्या भाज्यांच्या मागून तशीच दुसरी बाटली काढून तिने भावाच्या हातात दिली.

"ही कुठनं आली?" रंगवाल्यांनी विचारलं.

"तिसऱ्याच रविवारी दादाला फोन केला. म्हटलं, एक ह्यांना हलवायला राहू दे, तुझ्याकडची मला प्यायला दे."

भावाने बूच हळूच फिरवलं. बाटलीतून नुसता उसासा आला. "थंड ठेवायची, उजेडापासून लांब, हलवायची नाही आणि फार दिवस राखायची नाही," ते म्हणाले. "एवढंच लिहिलंय लेबलवर."

बायकोने घोट घेतला आणि डोळे मिटले. रंगवाल्यांनी आपला ग्लास हळूच पुढे सरकवला.

"आणि मला?"

"तुमचा वाटा वर छताला आहे," डोळे न उघडता ती म्हणाली. "दुकानातून शिडी आणा."