काठ्यांची खोली

माणूस मुळात वाईट नसतो. शेजाऱ्याचं पीक हिरवं असतं, एवढंच. राज्य, पोलीस, कोर्टकचेऱ्या आणि कोंडवाडे या सगळ्यांचा उगम याच सत्यात आहे, आणि ते सत्य टाकरवाडे गावाइतकं लख्ख दुसरीकडे कुठे दिसलं नसेल. धुळ्याहून पारोळ्याकडे जाताना एसटीचा कंडक्टर ज्या फाट्यावर गाडी पुरती न थांबवताच "उतरा पटकन" म्हणतो, तिथून आत हे गाव आहे.

१९८६ सालापर्यंत टाकरवाडे निसर्गावस्थेत होतं. निसर्गावस्था म्हणजे झाडंझुडपं नव्हेत (झाडं गावाने केव्हाच तोडून जाळली होती). निसर्गावस्था म्हणजे ज्याच्या हातात काठी, त्याची दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी. याचे बैल त्याच्या कपाशीत, त्याच्या शेळ्या याच्या भुईमुगात, आणि दोघे मालक बांधावर एकमेकांच्या आयाबहिणींची चौकशी करत उभे. दर हंगामाला सरासरी नऊ डोकी फुटत. त्यांतली सहा ज्यांचं पीक गेलं त्यांची, दोन ज्यांनी नेलं त्यांची आणि एक भांडण सोडवायला गेलेल्याची. लोक रात्रभर राखण करत, म्हणून दिवसा झोपत; आणि दिवसा झोपत, म्हणून पीक दिवसाच जाई.

हे झुलाल पाटलाला बघवेना. झुलालने धुळ्याच्या कॉलेजात एक वर्ष काढलं होतं आणि राज्यशास्त्राच्या पेपरात छत्तीस गुण मिळवले होते. पास व्हायला पस्तीस लागतात. म्हणजे गरजेपेक्षा एक गुण तो जास्तच शिकला होता, आणि पुढचा सगळा घोळ त्या एका गुणाने केला. त्याच्या लक्षात राहिलं ते असं: फार पूर्वी माणसं एकमेकांची डोकी फोडत. मग ती कंटाळली आणि आपापली काठी त्यांनी एकाच्या हवाली केली. त्याने सगळ्यांची राखण करायची, बाकीच्यांनी त्याचं ऐकायचं. इथवर सर आले आणि तास संपला. पुढच्या तासाला झुलाल सिनेमाला गेला होता.

मारुतीच्या पारावर गाव जमलं तेव्हा झुलालने राखणदाराची पात्रता मांडली. त्याला शेत नसावं, म्हणजे स्वतःच्या शेताकडे तो झुकणार नाही. गुरं नसावीत. भाऊबंद तर मुळीच नसावेत. आणि मुख्य म्हणजे करारात तो नसावा. करार गावकऱ्यांनी आपसात करायचा, कारण पंचाला कोणी खेळाडूंत धरत नाही. इतका निष्कलंक माणूस गावात एकच होता. त्याचं नाव उखर्डू. तो शाळेच्या ओट्यावर झोपे, ज्याच्या दारात भाकर मिळेल तिथे जेवे, आणि त्याला तोवर "ए उखर्ड्या" याखेरीज दुसऱ्या कशानेही कोणी हाक मारली नव्हती.

सगळ्यांनी माना डोलावल्या. फक्त म्हातारी तानुबाई पाराच्या कडेने म्हणाली, "आन् त्यानीच खादं ते?"

"अक्का, कुंपण शेत खातं ही म्हण आहे, कायदा नाही," झुलाल म्हणाला. गाव हसलं. तानुबाईला लिहितावाचता येत नसल्यामुळे तिचा मुद्दा नोंदवून घेण्यात आला नाही.

मग प्रत्येकाने आपली काठी आणून कोंडवाड्याशेजारच्या खोलीत ठेवली. खोलीचं दार रहीम मिस्तरीने बसवलं आणि त्याला बाहेरून कडी लावून दिली. कुलूप लावायला कोणी सांगितलं नाही, कारण आता गावात एकमेकांवर विश्वास होता.

करार कमालीचा यशस्वी झाला, हे मान्यच करावं लागेल. डोकी फुटणं थांबलं. बायका म्हणू लागल्या, घरचा माणूस रात्री घरात दिसतो (हे सगळ्याच बायकांना आवडलं असं नाही). गावाने खूश होऊन उखर्डूला धोतरजोडी दिली, बॅटरी दिली आणि एक बकरी दिली. दसऱ्यापर्यंत "ए उखर्ड्या"चा उखर्डूभाऊ झाला आणि वर्ष फिरता फिरता उखर्डूनाना. यापुढे आपणही त्यांना नानाच म्हणू, उगाच कशाला?

नानांची बकरी कुठेही चरे. तिला पकडायचा अधिकार फक्त नानांना होता, आणि नानांना ती कधी सापडली नाही. त्या वर्षी गावातलं पीकचोरीचं प्रमाण शून्यावर आलं. (बकरीने खाल्लेलं यात धरलेलं नाही. धरलं तर आकडा फार वाईट दिसतो.) राज्य म्हटलं की महसूल आलाच, आपली बकरी चालती-बोलती असल्यामुळे वसुलीचा खर्च वाचतो, असं झुलालने लोकांना समजावून सांगितलं आणि आपल्या कपाशीकडे पाठ करून उभा राहिला.

राखणीबरोबर कोंडवाडाही नानांच्या हाती आला होता, आणि त्याचे नियमही हळूहळू पिकत गेले. आधी उभ्या पिकात सापडलेलं जनावर आत जाई. मग उभ्या पिकाकडे बघणारं जाऊ लागलं. मग नानांना पाहून वाटेतून बाजूला न झालेलं. मारुतीला सोडलेला वळूही एकदा आत गेला होता; पण त्याला चारा घालणारं कोणी निघेना, म्हणून दुपारपर्यंत तो निर्दोष सुटला.

आणि पौषात चंद्री आत गेली.

चंद्री म्हणजे प्रमिलाबाईची म्हैस. प्रमिलाबाई झुलालची बायको. ही म्हैस तिने एवढीशी असल्यापासून हाताने पेज पाजून वाढवली होती. पहिलटकरीण होती, दिवस भरत आले होते. ती दावं तोडून दादरीत शिरली ती झुलालच्याच शेतात, झुलालच्याच दादरीत. म्हणून झुलाल हसतहसत कोंडवाड्यावर गेला.

"नाना, म्हैस माझी, शेतही माझं. यात गुन्हा कोणाचा झाला?"

नानांनी बिडी विझवून कानामागे ठेवली. "राखण तू माले दिन्ही, भाऊ. तुना शेतमा काय चरावं, हाई आते मी ठरावसू."

"अहो, पण असं करारात नव्हतं."

"मी कोणलेच काई कबूल करेल नही," नाना शांतपणे म्हणाले. "कबूल तुम्ही करेल शेतस."

हा मुद्दा झुलालचाच होता आणि चांगला मांडलेला होता.

घरी प्रमिलाबाईने चूल पेटवली नव्हती. "चंद्रीना दिन भरी गयात," ती म्हणाली. "तठे उघड्यावर तिले काई व्हयनं, तर तुमना करार मी चुल्हामा घालसू." एवढं बोलून ती रडली. लग्नाला पंधरा वर्षं झाली, पण तिला रडताना झुलालने सासू गेली तेव्हाही पाहिलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली आणि भीतीही वाटली. कोणाची, ते त्याला धड सांगता आलं नसतं.

भर दुपारी, गाव सुस्तावलेलं असताना, तो काठ्यांच्या खोलीशी गेला आणि त्याने कडी काढली. वडिलांची पितळी कड्याची काठी समोरच होती. ती हातात घेतल्यावर त्याला फार बरं वाटलं. तेवढ्यात दारात सावली पडली. पंडित उभा होता, त्याची गाय कोंडवाड्यात होती. त्याच्या मागे वना, त्याचा गोऱ्हाही तिथेच होता. त्यांच्या मागे निम्मं गाव.

"मी आपला बघायला आलो," पंडित म्हणाला, "कोणी काठी नेत तर नाही ना."

"मीही," वना म्हणाला.

"मी पण तेच बघतोय," झुलाल म्हणाला. काठी त्याच्या हातातच होती.

सगळ्यांनी एकदम काठ्या उचलल्या असत्या तर नानांचं राज्य दुपारच्या चहाआधी आटोपलं असतं, हे तिथे प्रत्येकाला कळत होतं. पण पंडितच्या बांधाला वनाचा बांध लागून होता, आणि वनाच्या हातात काठी आली की काय होतं हे पंडितच्या डोक्यावरच्या खुणेला पक्कं ठाऊक होतं. वनाही पंडितच्या हाताकडेच बघत होता. "तू घे आधी." "छे छे, तुम्ही मोठे." असा आग्रह लग्नाच्या पंगतीत शोभेल इतका झाला. शेवटी झुलालने काठी जागेवर ठेवली, वनाने दार ओढलं आणि पंडितने कडी नीट लागली का, ते दोनदा तपासलं.

वळून पाहतात तो समोरच्या निंबाखाली नाना बसलेले, शेजारी बकरी. केव्हापासून बसले होते देव जाणे. सगळ्यांनी ओळीने राम राम घातला आणि जो तो आपापल्या घरी गेला. टाकरवाड्यात करारावर फेरमतदान झालं ते एवढंच, आणि ते बिनविरोध झालं.

दिवस मावळता मावळता चंद्री कोंडवाड्यातच व्याली. प्रमिलाबाई फाटकाबाहेर बसून दांड्यांमधून गूळ-बाजरीची घुगरी आत सरकवत राहिली. खोटं कशाला बोला, नानांनी बाह्या सरसावून स्वतः पारडी ओढून घेतली, पुसली, उभी केली. आणि सकाळी मोठ्या मनाने चंद्रीला सोडूनही दिलं. पारडीला मात्र सोडलं नाही.

"हाई आठेच जलमनी," ते म्हणाले. "आठेनीच शे."

झुलालने आपले छत्तीसच्या छत्तीस गुण उलटेपालटे करून पाहिले. यावर त्यांत काही नव्हतं. असलंच तर ते त्या सिनेमाच्या तासाला शिकवलं गेलं असणार.

चंद्री घरी आली, पण पान्हा चोरू लागली. दुसऱ्या दिवशी दावं तोडून फाटकाशी जाऊन हंबरत उभी राहिली. नानांनी फाटक उघडलं, ती आपल्या पायांनी आत गेली. तेव्हापासून दिवसा फाटक उघडंच असतं आणि चंद्री आतच असते. पंचायत समितीचे साहेब एकदा तपासणीला आले, तेव्हा नानांनी त्यांना अभिमानाने दाखवलं, "देखा साहेब, कोणी बांधेल शे का?" साहेबांनी शेरा मारला: 'जनावरे स्वखुशीने राहतात. व्यवस्था समाधानकारक.' प्रमिलाबाई धार काढायला रोज कोंडवाड्यात जाते. पहिला पेला नानांचा. झुलालशी ती बोलते, पण मीठ आणि मिरची याखेरीज दुसऱ्या विषयावर नाही.

आता कोणी शिकलेला वाचक हसून विचारील की, त्या पारडीने कोणाचं पान खाल्लं होतं, आणि तिने करार तरी कधी केला? प्रश्न रास्त आहे. आम्ही टाकरवाड्याला कळवू. दरम्यान वाचकांनी आपल्या आईला एकदा विचारून ठेवावं, आपला जन्म फाटकाच्या कोणत्या बाजूला झाला.