भिंतीआडचं निवांत घर

घर कसं निवडावं हे कुणी माझ्याकडून शिकावं, असं मला पंचविसाव्या वर्षी वाटायचं. बीडच्या तहसील कचेरीत मोहरीर, म्हणजे कारकून, म्हणून लागलो आणि तीन दिवसांत सतरा खोल्या नापसंत करून अठरावी धरली. अंगणात गोड पाण्याचा आड, कचेरी हाकेवर, आणि भोवती पुरुषभर उंच भिंत. शेजारची कोंबडीसुद्धा विचारून आत येईल अशी. घरमालक तात्याबा भिंतीपलीकडं राहायचे.

कचेरीतला सोबती धुळाजी म्हणाला, "बायकूला दाखवलं का बे?"

"तिला कशाला दाखवायचं?"

मग नांदूरघाटाहून माझी बायको मुक्ता आली. चार दिवस ती पाण्यात ठेवलेल्या फांदीसारखी राहिली, सुकेना आणि फुटेना. पाचव्या दिवशी ताट वाढून म्हणाली, "मला माहेरी पोचवा." कारण सांगेना.

मी घाबरलो. धुराचा त्रास असेल म्हणून धाब्याच्या छताला भोक पाडलं, तर दुसऱ्या दिवशी त्यातून मांजर पडलं, ते थेट कालवणात. धुळाजीला बाधेचा संशय आला, म्हणून दाराला लिंबू बांधलं. तिनं लिंबाखालूनच गाठोडं बाहेर आणून ठेवलं. शनिवारी नांदूरची गाडी निघणार होती.

शुक्रवारी तांबडं फुटताना ती जात्याला बसली. दोन फेरे झाले की जातं थांबायचं. मी जवळ गेलो.

"माहेरी समोर सई बसायची," ती खाली बघत म्हणाली. "एकीनं ओवी टाकायची, दुसरीनं उचलायची. इथं नुसती भिंत ऐकती."

अठरा खोल्यांत मी आड मोजले, खिडक्या मोजल्या. समोर कोण बसेल, हे बघायचं राहूनच गेलं होतं.

मी समोर बसलो आणि खुंटा धरला. तिनं नवलानं बघितलं, मग हळूच सुरू केलं:

नांदूरच्या वाटंवरी लिंबाऱ्याची गार छाया,
सई माझी मागं राहिली, तिच्यात माझी माया.

मी उचललं. अगदी जीव ओतून उचललं. पण माझा आवाज वर जातो आणि तिथं फुटतो.

भिंतीपलीकडं तात्याबांनी ऐकलं, की भाडेकरू मागं राहिलेल्या मायेसाठी ओक्साबोक्शी रडतोय. नवी सून आल्यापासून कुणाला दिसली नव्हतीच. घटकाभरात गल्लीतल्या बाया तोंडाला पदर लावून आत आल्या, मागं तात्याबा अनवाणी. म्हातारी चंद्रभागाबाई माझ्यापुढं बसून म्हणाली, "लेकरा, कवा गेली रं?"

माझ्या भुवयांपर्यंत पीठ होतं. जात्यामागून मुक्ता उठली. एकीनं किंकाळी फोडली.

"ते गात होते," मुक्ता म्हणाली.

चंद्रभागाबाईनं मला बराच वेळ न्याहाळलं. "गात व्हते? आन् आमी कचेरीत सुतकाचा निरोप धाडला की."

मग तिनं पदर खोचला, मला कोपरानं बाजूला सारलं आणि खुंटा धरला. ओवी सुरात उचलली गेली. मी बाहेर तात्याबांजवळ उभा राहिलो. आतून मुक्ताचं हसू ऐकू आलं, त्या घरातलं पहिलं.

शनिवारची गाडी तिच्याविना गेली. तिनं गाठोडं सोडलं आणि म्हणाली, "आता बाया रोज पहाटं येणार हायेत. तेवढा वेळ तुमी कचेरीत जाऊन बसत जा."

कचेरी नऊला उघडते. तोवर मी पायरीवर बसतो, आणि म्हातारा शिपाई रोज माझ्या पाठीवर हात ठेवून सांगतो, की पोरा, दुसरी कर.