माश्यांचं वाण

“माझा निळा डबा कुणी उचलला?”

मंगळवारी सकाळी विद्याधर राजाध्यक्षांनी हा प्रश्न ज्या आवाजात विचारला, त्या आवाजाला मुलुंडच्या त्या सोसायटीतली कबुतरं सरावलेली होती, म्हणून ती उडाली नाहीत. घरात माणसं दोनच. त्यांतलं एक विचारत होतं, म्हणजे डबा दुसऱ्यानं उचलला असणार, हे उघड होतं. पण राजाध्यक्ष रागावले की प्रश्न सबंध महाराष्ट्राला विचारत.

“कुठला निळा डबा?” स्वयंपाकघरातून त्यांच्या पत्नी उत्तराबाई म्हणाल्या.

“माश्यांचा!”

राजाध्यक्षांच्या माश्या म्हणजे खोट्या माश्या. बारीक गळाला पिसं, केस, रेशीम गुंडाळून त्या बनवायच्या, लांब काठीच्या दोरीनं नदीवर अलगद टाकायच्या, आणि खरी माशी समजून झडप घालणारा मासा पकडायचा. तीस वर्षं त्यांचा हा नाद होता. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यावर तर ते दिवसभर खिडकीशी बसून माश्या बांधत. ‘राजाध्यक्ष काय करतात हल्ली?’ असं कुणी विचारलं की सोसायटीतले लोक ‘माश्या मारतात’ म्हणत, आणि ते ऐकून त्यांच्या डोक्याची शीर तटतट उडे.

त्याहून वाईट गोष्ट पुढे होती. पकडलेला मासा ते परत नदीत सोडत. सारस्वताच्या घरातला कर्ता पुरुष विमानानं उत्तराखंडात जातो, हातभर लांब महाशीर पकडतो, त्याच्याबरोबर फोटो काढतो आणि त्याला सोडून घरी येऊन दुधी खातो, हे दुःख उत्तराबाईंनी माहेरीही कुणाला सांगितलं नव्हतं. तळमजल्यावरचे धोंडू परब गावाहून कोंबड्याची पिसं आणून देत. त्यांनी एकदाच विचारलं होतं, “गावलेलो मासो परत सोडतास? मगे थंय जातास कित्याक?” राजाध्यक्ष त्यांच्याशी चार महिने बोलले नव्हते. नंतर पिसं संपली, म्हणून बोलले.

आता गुरुवारी पहाटेचं विमान होतं. चार तुकड्यांची काठी पुसून झाली होती. टर्रर्र वाजणाऱ्या जुन्या रिळाला तेल दिलं होतं. बारा खिशांचं जाकीट पलंगावर पसरलं होतं. आणि डबा नव्हता.

“तुमच्या माश्या पत्र्याच्या डबीत असतात ना?” उत्तराबाई हात पुसत बाहेर आल्या.

“तिची बिजागरी तुटली. म्हणून मी निळ्या डब्यात ठेवल्या. सहा कप्प्यांच्या. टेबलावर होता!”

उत्तराबाईंनी पदर तोंडाला लावला. “सहा कप्प्यांचा निळा? तो तुम्ही कुठून आणलात?”

“घरात ढीग होता. त्यातला एक घेतला.”

“अहो, ते माझं वाण होतं!”

रविवारी उत्तराबाईंचं हळदीकुंकू झालं होतं. यंदा वाण म्हणून त्यांनी टिकल्या-पिना ठेवायचे निळे डबे आणले होते. टेबलावर एक सुटा राहिलेला दिसला, तोही त्यांनी कापडी पिशवीत घालून नाडी बांधली. माशीला वजन नसतं, त्यामुळे काही कळलं नाही. पस्तीस बायका पस्तीस पिशव्या घेऊन गेल्या आणि त्यांतल्या एकीच्या पिशवीत राजाध्यक्षांची तीस वर्षं होती.

“न विचारता घेतलात कशाला?” उत्तराबाई म्हणाल्या.

“न बघता वाटलास कशाला?”

“बाजारातून दुसऱ्या आणा.”

“त्यात नवरी आहे!” राजाध्यक्ष किंचाळले.

नवरी ही त्यांची सगळ्यात लाडकी माशी. बाकीच्यांना त्यांनी भटजी, कारकून, नाकतोडा अशी नावं दिली होती. पण लाल अंगाची, सोनेरी पट्ट्यांची, मानेला धोंडू परबांच्या कोंबड्याचं पीस लावलेली नवरी एकच. चौदा किलोचा महाशीर तिच्यावरच आला होता. तिच्याशिवाय नदीवर जाणं त्यांना अशक्य होतं.

“मग दुसरी बांधा की. आजचा दिवस आहे, उद्याचा आहे.”

“तो धागा मिळत नाही आता.”

“आधी कुठे मिळाला होता?”

राजाध्यक्षांनी जाकिटाच्या एका खिशाची चेन उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. मग ते दुप्पट ओरडले. “धाग्याचं राहू दे! डबे परत माग!”

“दिलेलं वाण परत मागत नाहीत,” उत्तराबाई शांतपणे म्हणाल्या आणि आंघोळीला गेल्या.

इथे राजाध्यक्षांनी मोठी चूक केली. बायकोचा फोन टेबलावर होता. सोसायटीतल्या बायकांच्या ग्रुपवर त्यांनी तिच्या नावानं संदेश टाकला: ‘रविवारच्या वाणाच्या डब्यात माश्या निघाल्यास त्वरित आणून द्याव्यात. माश्या मोजलेल्या आहेत.’

विमा कंपनीत त्यांची पत्रं अशीच नेमकी असत. उत्तराबाई आंघोळ करून आल्या तेव्हा फोन टेबलावर थरथरत गोल फिरत होता.

‘वाणात माश्या???’ ‘ई!!’ ‘मी त्यात मुलीच्या गोळ्या ठेवल्यात!’ ‘मोजून दिल्या म्हणजे मुद्दाम दिल्या का?’ दहा मिनिटांत बेल वाजली. तिसऱ्या मजल्यावरच्या शर्मिष्ठा नाबर डबा चिमटीत धरून उभ्या होत्या.

“उत्तराताई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती हां. सौभाग्याचं वाण आणि त्यात मेलेल्या माश्या?”

“अगं, मेलेल्या नाहीत...”

“जिवंत?”

“खोट्या आहेत हो, खोट्या!” मागून राजाध्यक्ष गरजले.

“मग खोट्या माश्या वाटायच्या का, भावोजी? मस्करी आहे काय?”

दुपारपर्यंत बावीस डबे दाराशी जमा झाले. एकीनं डबा धुऊन आणला होता, एकीनं वर्तमानपत्रात गुंडाळून. राजाध्यक्ष प्रत्येक डबा ओढून घेत, उघडत आणि रिकामा पाहून आदळत. उत्तराबाई प्रत्येकीची माफी मागत होत्या. वीस वर्षांत सोसायटीत कमावलेली अब्रू नवऱ्यानं एका संदेशात धुळीला मिळवली होती, आणि तो मात्र घामाघूम होऊन कप्पे मोजत होता.

“माझी वाट लावलीत तुम्ही,” त्या रडकुंडीला येऊन म्हणाल्या. “आता पुढच्या वर्षी कोण येणार आपल्याकडे?”

“तुला हळदीकुंकवाचं पडलंय! तिथे माझी नवरी कुणाच्या घरी आहे देवाला ठाऊक!”

जिन्यातून जाणाऱ्या शर्मिष्ठाबाईंनी एवढंच वाक्य ऐकलं. ते ग्रुपवर कसं गेलं, हे इथे सांगण्यात अर्थ नाही.

संध्याकाळी कळलं की दुसऱ्या मजल्यावरच्या क्षमा तळवलकरांनी ना डबा दिला होता, ना संदेशाला उत्तर. राजाध्यक्ष थेट त्यांच्या दारात गेले. दार साखळीपुरतंच उघडलं.

“आता घरापर्यंत आलात?” क्षमाबाई फटीतून म्हणाल्या. “मी तुमचं काय वाकडं केलंय?”

“डबा द्या माझा!”

“कोंबड्याची पिसं, केस, लाल धागा, वर लोखंडाचा आकडा! करणी केलीत ना आमच्यावर?”

“अहो बाई, माशी आहे ती!”

“एवढं सगळं घालून माशी? मला काय कुकुलं बाळ समजलात? आमचं पण गाव कोकणातच आहे.”

“कुठे टाकलीत?” राजाध्यक्षांनी साखळी धरली.

“असलं टाकायचं नसतं, टाकणाऱ्यालाच लागतं. कुणाला तरी देऊन मोकळं व्हायचं. काल माझं हळदीकुंकू होतं. पाचव्या मजल्यावरच्या गंधालीला दिलं.”

“त्या पोरीचं आत्ता लग्न झालंय! करणी वाटत होती आणि तिला दिलीत?”

“जवान आहे, सोसेल,” असं म्हणून क्षमाबाईंनी दार लावलं.

राजाध्यक्ष आणखी तीन मजले चढून गेले. गंधालीच्या दाराला कुलूप होतं. ती अंधेरीला नोकरी करत होती. फोनवर म्हणाली, “काका, सगळ्या पिशव्या एकत्र ठेवल्यात, मला यायला उशीर होईल. उद्या रथसप्तमी, माझं पहिलं हळदीकुंकू आहे. काकूंना पाठवा ना, तेव्हा शोधून देते.”

बुधवारी संध्याकाळी उत्तराबाई खाली मान घालून पाचव्या मजल्यावर गेल्या. पुरुषांना आत जायची सोय नव्हती. राजाध्यक्ष जाकीट घालून चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधल्या पायरीवर उभे राहिले. येणारी प्रत्येक बाई त्यांच्या बारा खिशांकडे बघून भिंतीला घासून वर जात होती.

आत गंधालीनं उत्तराबाईंना हळदीकुंकू लावलं आणि कापडी पिशवी हातात ठेवली. “हीच ना, काकू? पण अशी नुसतीच परत देणार नाही हां. वाण म्हणूनच देते. घ्या.” मग तिनं डबा उघडून दाखवला. “कसल्या झकास आहेत! मला आधी कानातलीच वाटली. ही लाल बघा ना. ही शालूची जर आहे, हो ना? माझ्या आईच्या शालूला अशीच आहे. अस्सल. आता मिळत नाही म्हणे.”

उत्तराबाईंनी डबा डोळ्यांजवळ नेला. नवरीच्या सोनेरी पट्ट्यांवरून त्यांनी नख फिरवलं.

त्या पायऱ्या उतरायला लागल्या तेव्हा राजाध्यक्ष पुढे धावले. “मिळाला? दे!”

उत्तराबाई त्यांच्या बाजूनं खाली गेल्या. घरी येऊन त्यांनी कपाट उघडलं, डांबराच्या गोळ्या बाजूला केल्या आणि लग्नातला लाल शालू पलंगावर, जाकिटाच्या जागी पसरला. पदराच्या आतल्या टोकाची वीतभर जर उसवून काढलेली होती. त्यांनी नवरी शेजारच्या शाबूत जरीवर ठेवली. ती तिथे दिसेनाशी झाली.

“तीन वर्षांपूर्वी,” उत्तराबाई म्हणाल्या, “हे बघून मी नाक्यावरच्या लॉन्ड्रीवाल्या मोरजकरांना दुकानात, चारचौघांत, चोर म्हटलं. ते शपथा घेत होते. तेव्हा तुम्ही माझ्या शेजारी उभे होतात. ‘पोलिसांत देतो’ म्हणालात.”

राजाध्यक्षांचा आवाज दोन दिवसांत प्रथमच खाली आला. “थोडीच घेतली होती. चौदा किलोचा आला ना त्याच्यावर. म्हणून तर नाव नवरी ठेवलं.”

“आणि त्याला सोडून दिलंत! माझ्या शालूवर आलेला मासा, निदान मला खायला तरी आणायचा!”

राजाध्यक्षांनी हळूच डब्याकडे हात नेला. उत्तराबाईंनी डबा उचलून शालूच्या घडीत ठेवला, कपाट लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.

“उत्तरा, पहाटे विमान आहे गं. निदान नाकतोडा तरी...”

“हे मला गंधालीनं दिलंय,” उत्तराबाई म्हणाल्या. “दिलेलं वाण परत मागत नाहीत. आणि मोरजकरांचं दुकान साडेआठला बंद होतं. चपला घाला.”