हत्तीचे पाय आणि वहिनींच्या सँडल

साहेबांसमोर मी "मी करतो" म्हणालो, ही माझी पहिली चूक. (दुसरी मी पायात घातली.)

आमच्या प्राणिसंग्रहालयात दर शनिवारी शाळेच्या मुलांना हत्ती समजावून सांगायचं काम माझ्या मोठ्या भावाचं. मी हत्तिणीचं अंगण धुतो. दादा जाऊन महिना झाला तेव्हा साहेब म्हणाले, "आता तिथे माहितीचा फलक लावू. मुलं वाचतील."

मला काय झालं कोण जाणे. "फलक नको. मी सांगतो."

"तू? शिकलास किती?"

"सातवी."

"पास?"

"सातवीत होतो, एवढं नक्की."

साहेबांनी कपाळावर हात मारला. "गुरुवारी सहाला तुमच्या घरी येतोय, तुझ्या वहिनींना भेटायला. तेव्हा बोलून दाखव. नाही जमलं तर फलक."

दादा बोलायला लागला की साठ मुलं चिडीचूप व्हायची. "बाळांनो, एवढं धूड, पण चालतं टाचा उचलून!" असं तो म्हणाला की रोज तिचं शेण उचलणाऱ्या मलासुद्धा तिच्यापुढे हात जोडावेसे वाटायचे. माझ्याकडे त्याचे शब्द नव्हते. घरात सामान मात्र भरपूर होतं.

गुरुवारी साडेपाचला मी तालमीला उभा राहिलो. खांद्यांवर ओली चादर, म्हणजे कान. वॉशिंग मशीनचा पाइप, म्हणजे सोंड. आणि पायात...

"भाऊजी, त्या माझ्या सँडल आहेत."

"टाच उचललेली दिसायला नको का, वहिनी?"

"आणि खाली बांधलेल्या उशा?"

"टाचेखालची गादी. म्हणून तर तिच्या पावलांचा आवाज होत नाही."

महिनाभर वहिनी गप्पच होत्या. सँडलमुळे का होईना, दोन वाक्यं झाली.

मग मी ओट्यावरच्या बादलीत पाइप बुडवला आणि दुसऱ्या टोकाने पाणी ओढलं. हत्ती सोंडेत पाणी ओढतो, मग ते तोंडात सोडतो. माझ्या सोंडेने ते थेट घशात सोडलं. मला ठसका लागला, पाइप सुटला आणि ओट्यावरची अख्खी बादली आपण होऊन जमिनीवर रिकामी व्हायला लागली. तेवढ्यात बेल वाजली. वहिनींनी दार उघडलं. (साहेब आयुष्यात पहिल्यांदा वेळेआधी आले होते.) मी नमस्कार करायला पुढे झालो, उशी घसरली, आणि मी चादरीसकट साहेबांच्या बुटांपाशी पोहोचलो.

"हे काय आहे?" साहेब म्हणाले.

"हत्ती," मी म्हणालो.

उठता येईना, म्हणून आडवाच बोलत सुटलो. सोंडेत हाड एकही नाही, हजारो स्नायू आहेत. सोंडेने हत्तीण झाडाची फांदीही मोडते आणि जमिनीवरचा शेंगदाणाही उचलते. कान पातळ असतात, त्यांत शिरांचं जाळं असतं. ते हलवले की...

मी अडकलो.

"रक्त थंड होतं, भाऊजी," मागून वहिनी म्हणाल्या. "ते थंड रक्त अंगभर फिरतं. दर शुक्रवारी हे माझ्यासमोर तालीम करायचे." आणि माझ्या पायांकडे बघून त्या हसायला लागल्या. हसता हसता खाली बसल्या आणि त्यांनी पदराने डोळे पुसले.

साहेबांनी बूट झटकले. "शनिवारी ये. सँडल घरी ठेव."

शनिवारी साठ मुलं आली. मी नुसता बोललो. पाय, कान, सोंड, सगळं बरोबर. शेवटी दोन वेण्यांच्या एका मुलीने विचारलं, "काका, हिच्या डोळ्यांतून पाणी येतंय. ही रडतेय का?"

दादाचं उत्तर मला पाठ होतं. "नाही बाळा. आपल्या डोळ्यांतलं जास्तीचं पाणी आतल्या नळीतून नाकात उतरतं. हत्तीला ती नळीच नसते. म्हणून त्याचं सगळं पाणी गालावरून वाहतं." शेवटच्या वाक्याला समोरची मुलं जरा धूसर दिसायला लागली, पण मी ते पुरं केलं.

साठ मुलं चिडीचूप. मला वाटलं, जमलं! अगदी दादासारखं जमलं!

ती मुलगी मात्र माझ्याकडे टक लावून बघत होती.

"काका, तुम्हाला आहे ना ती नळी?"

"आहे की!" मी अभिमानाने म्हणालो.

"दिसतंय," ती म्हणाली. "नाक पुसा."