पादचारी पुलाचं नववं कलम

ग्रंथपालबाईंच्या पत्राला मसुदेकारांनी महिना झाला तरी उत्तर दिलं नव्हतं. पत्रात एवढंच होतं : "माझ्याशी लग्न करणार का? नसाल, तर मी बदली घेऊन लांब जाते." जन्मभर संसदेसाठी कायद्यांचे मसुदे लिहिलेल्या या भिडस्त माणसाला साधा होकार लिहिता येईना. बरेच कागद फाडल्यावर जमलं ते असं : "सदर प्रस्तावास, परिस्थिती अनुकूल असल्यास, कदाचित होकार देण्यात येईल."

तो कागद टेबलावरच्या पादचारी पूल विधेयकात सरकला आणि गठ्ठ्याबरोबर छापखान्यात गेला. भाषा अस्सल सरकारी. नववं कलम म्हणून छापला गेला. पहिल्या वाचनात नुसतं नाव वाचतात. समितीचा सगळा वेळ कठड्याच्या उंचीवर भांडण्यात संपला.

दुसऱ्या वाचनात एकेक कलम चर्चेला आलं. नववं ऐकताच अधिकाऱ्यांच्या बाकावर बसलेल्या मसुदेकारांना आपलं पत्र ओळखू आलं.

"कसला प्रस्ताव?" विरोधी बाकावरच्या आजीबाई कडाडल्या.

मंत्र्यांनी मागे पाहिलं. मसुदेकारांनी फायलीत तोंड खुपसलेलं. पण माहीत नाही म्हणतील तर ते मंत्री कसले! "लोक पूल मागतात ना, तो प्रस्ताव," त्यांनी ठोकून दिलं.

"मग 'कदाचित' कशाला? माणूस दारात उभं, आणि तुमचं आपलं कदाचित! आणि परिस्थिती अनुकूल कधी होणार, आम्ही गेल्यावर? काढा दोन्ही!"

"दुरुस्ती मान्य!" मंत्री घाईने म्हणाले. दोन्ही बाजूंनी एकमुखाने "हो!" उठला. पाठोपाठ तिसरं वाचनही उरकलं.

मसुदेकार धापा टाकत खात्याच्या सचिवबाईंकडे गेले. नोकरीवर पाणी सोडूनच त्यांनी सगळं सांगितलं.

सचिवबाई पोट धरून हसल्या. "अहो, वरचं सभागृह असतं कशाला? तिथे कलम गाळायला लावते. विधेयक खाली परत येईल, पुन्हा संमत होईल, मग राष्ट्रप्रमुखांची सही. पुलाचं निस्तरेल हो. बाईंचं काय?"

"मी त्यांना शोभेन का, हाच..."

"ते ठरवूनच विचारलंय त्यांनी. तुम्ही फक्त मत द्या!"

मसुदेकारांनी सभागृहाने संमत केलेलं वाक्य समोर ओढलं. 'देण्यात येईल'? कुणाकडून? सगळंच खोडून त्यांनी लिहिलं, "हो. मी करतो," आणि हिय्या करून पाकीट कोपऱ्यावरच्या टपालपेटीत टाकलं. टाकताक्षणी त्यांना आणखी एक दुरुस्ती सुचली. हात आत घातला, तो मनगटाशी अडकला.

"काही पडलं का आत?" मागे उभ्या आजोबांनी विचारलं.

"होकार पडला," मसुदेकार म्हणाले, आणि हात तसाच अडकलेला असताना भर रस्त्यात खो खो हसत सुटले.